एका कपाटाची दोन दारं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्पीकर आहे, आणि खरं सांगायचं तर अर्धाच आहे. हा माझा विनय समजू नका. आमची जात जोडीने जन्माला येते, एक डावा आणि एक उजवा. मी उजवा. माझ्या पाठीवर खिळ्याने कोरलेला 'उ' अजून वाचता येतो, फक्त त्यात धूळ बसली आहे.

माझा जन्म कारखान्यातला नाही. आज माझा मालक असलेला फ्रेमवाला तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. वडिलांच्या दुकानात तो तसबिरींच्या चौकटी कापायला शिकत होता, म्हणून मित्र त्याला 'चौकट' म्हणत. त्याचा जिवाभावाचा मित्र लांब्या. बिघडलेले रेडिओ उघडून बसणं हा त्याचा उद्योग. दोघांना एका बँडचं वेड लागलं होतं आणि गाणी ऐकायला धड यंत्र नव्हतं. एके दिवशी चौकटची आई बाहेर गेल्याचं पाहून या दोन दिवट्यांनी तिच्या कपड्यांच्या कपाटाची दोन्ही दारं उतरवली. ती परत येईपर्यंत त्या दारांचे दोन खोके तयार झाले होते. एका दाराचा मी, दुसऱ्या दाराचा माझा जोडीदार. आईने त्या संध्याकाळी दोघांना जे ऐकवलं, तो मी ऐकलेला पहिला मोठा आवाज. पुढे कित्येक वर्षं त्या कपाटाला पडदा लावलेला होता.

लांब्याने आमच्या पोटात तारा जोडल्या, आवाज काढणारे कागदी पडदे बसवले आणि आम्ही गाऊ लागलो. काय दिवस होते ते! त्या बँडमध्ये चौघे होते, पण या दोघांचा जीव बेस वाजवणाऱ्यावर. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज कानाआधी पोटाला कळतो. तो गडी मंचावर कधी अवाक्षर बोलायचा नाही, म्हणून यांनी त्याचं नाव 'मुक्या' ठेवलं होतं. मुक्या तारा बोटांनी छेडतो की छोट्या प्लास्टिकच्या पट्टीने, त्या जुन्या ठेवतो की नव्या, यावर दोघं जेवणं विसरून भांडायचे. भांडून दमले की पुन्हा तेच गाणं लावायचे. मी आणि माझा जोडीदार दोन कोपऱ्यांत, ते दोघं मधोमध दोन स्टुलांवर. त्या खोलीत कुणाला काही कमी नव्हतं.

मग लग्नं झाली, बिऱ्हाडं वेगळी झाली. आता स्पीकर कुणाचे? दोघंही हट्टी. शेवटी एक-एक वाटून घेतला. जोडीदाराला लांब्याने चादरीत गुंडाळून नेलं, तेव्हा मला काय वाटलं हे कुणी विचारलं नाही. स्पीकरला कोण विचारतो? पण जाताना त्यांनी एक शब्द एकमेकांना दिला. बँडचा नवा अल्बम आला की दोन्ही स्पीकर एकत्र आणायचे, आणि तोवर कुणी एक सूरही ऐकायचा नाही.

तो शब्द त्यांनी पाळला. अल्बम आला की लांब्या माझ्या जोडीदाराला मांडीवर घेऊन टॅक्सीने दुकानात यायचा. एरवी मी एकटाच वाजायचो आणि माझं काही अडत नव्हतं, कारण त्या गाण्यांत सगळे सूर दोन्ही बाजूंना सारखे वाटलेले असायचे. तरी जोडीने वाजण्याची गंमत वेगळी. त्या दिवसांची मी वर्षानुवर्षं वाट पाहत बसायचो.

मग बँडच थांबला. वर्षं गेली. फ्रेमवाल्याचे केस पिकले, लांब्याची कंबर धरली. सगळे म्हणू लागले, आता कसला अल्बम, म्हातारे झाले ते. आणि ध्यानीमनी नसताना बातमी आली की चौघं पुन्हा एका खोलीत बसले आहेत आणि नवा अल्बम येतो आहे. फ्रेमवाल्याने त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या आजोबांची तसबीर उलटी बसवली.

अल्बम आला तेव्हा लांब्याला जिना उतरवत नव्हता. तो म्हणाला, तूच तुझा स्पीकर घेऊन ये. फ्रेमवाल्याच्या डोक्यावर चित्रांच्या प्रदर्शनाचं काम होतं. आज, उद्या करता करता दोघांचाही धीर सुटला. शेवटी फोनवर ठरलं की आता आपापल्या घरी ऐकू आणि मग बोलू. मित्रांनो, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

फ्रेमवाल्याने दुकानाचं दार लोटलं, हात धुतले, तबकडी लावली. माझ्यातून गिटार आली, ढोल आले, गाणारा आला. मुक्या आला नाही. फ्रेमवाल्याने आवाज वाढवला. मग स्टूल ओढून माझ्या पडद्याला कान लावला. मीही जीव तोडून शोधत होतो, पण माझ्या तारेतून तो सूर येतच नव्हता. मला वाटलं, माझाच पडदा गेला. फ्रेमवाल्याला काय वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आयुष्यभर करवतीजवळ उभं राहून त्याचे कान मंदावत चालले होते. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं, पण त्याने ते घरात कुणालाही कळू दिलं नव्हतं.

त्याने फोन केला तो तोऱ्यातच. म्हणाला, मुक्याला त्या लोकांनी बाजूला सारलं, असला अल्बम काढण्यापेक्षा घरी बसायचं होतं. पलीकडून लांब्या उसळला. त्याच्या मते अल्बमभर दुसरं काही नव्हतंच, मुक्या असा आयुष्यात वाजला नव्हता. शब्दाने शब्द वाढला आणि लांब्या म्हणाला, "बहिरा झालास का रे तू?"

तो हे नेहमी गमतीने म्हणायचा. या वेळी मात्र ते वर्मी लागलं. फ्रेमवाल्याने फोन ठेवला.

त्यानंतर तो घड्याळ आधी एका कानाशी धरायचा, मग दुसऱ्या. गिऱ्हाईक काही बोललं की ओठांकडे बघायचा. लांब्याचा फोन आला तर वाजू द्यायचा, आणि हळूहळू तोही यायचा थांबला. माझ्यावर कापड पडलं, कापडावर सरसाचं भांडं आलं. मी सगळं सहन केलं असतं, पण ती शांतता खायला उठायची. मी आणि तो एकाच खोलीत होतो, आणि दोघंही स्वतःलाच बिघडलेले समजत होतो.

थंडी सरता सरता लांब्याची बायको दुकानात आली. मागे टॅक्सीवाला माझ्या जोडीदाराला उचलून आणत होता. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आम्ही लेकीकडे चाललो, कायमचे. एवढं सामान विमानात नेऊ देत नाहीत. हा तुमच्याकडे राहू दे. यांनी काही निरोप दिला नाही, पण सकाळपासून तीनदा पुसलाय."

फ्रेमवाला बरं म्हणाला. वहिनी काही विचारलं जाईल या आशेने जरा वेळ उभ्या राहिल्या. तो फळीवर जागा करत राहिला. मग त्या गेल्या.

कितीतरी दिवस जोडीदार माझ्याकडे पाठ करून फळीवर बसून होता. एके दुपारी धूळ झटकताना फ्रेमवाल्याचं बोट त्याच्या पाठीवरच्या 'डा' वर थांबलं. ते अक्षर लांब्याचं होतं. फ्रेमवाल्याने उगाचच दोन्ही तारा जोडल्या, आम्हाला दोन कोपऱ्यांत ठेवलं आणि बटण दाबलं. यंत्रात तीच तबकडी अजून तशीच होती.

माझ्याकडून गिटार निघाली, आणि समोरच्या कोपऱ्यातून, माझ्या भावाच्या पोटातून, मुक्या आला.

या वेळी बँडने चौघं खोलीत जसे बसले होते तसेच आवाज ठेवले होते. मुक्या डावीकडे बसला होता, म्हणून तो सगळाच्या सगळा डाव्या स्पीकरच्या वाट्याला आला होता. लांब्याच्या घरी अर्धं गाणं वाजत होतं आणि इथे उरलेलं अर्धं. माझा पडदा शाबूत होता, आणि फ्रेमवाल्याचा कान मंदावला असला तरी मुक्याला ऐकण्याइतका चालत होता. तो मधोमध फरशीवर बसला आणि अल्बम संपेपर्यंत उठला नाही. डोळे पुसायला त्याने जे घेतलं ते माझ्यावरचं कापड होतं.

मग त्याने फोन लावला, चार शब्दांत सगळं सांगितलं आणि फोन आम्हा दोघांच्या मध्ये उंच धरला. गाणं संपल्यावर विचारलं, "आला मुक्या?"

पलीकडून लांब्या म्हणाला, "नाही रे. नुसती गिटारच येतेय."

एवढ्याशा फोनमधून बेस कुठला जायला! फ्रेमवाला आनंदाने म्हणाला, "बहिरा झालास का रे तू?"

दोघं पोट धरून हसले.  मग लांब्या हळूच म्हणाला, "ही स्पीकर घेऊन आत आली, त्या दिवशी मी बाहेर टॅक्सीतच बसलो होतो, चौकट. वाटलं, तू एकदा तरी विचारशील."

तर मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसत जा, आम्हाला ओलीपासून जपा, आणि जोडी असेल तर ती मोडू नका. आणि कुणी म्हणालं की तुला ऐकू येतं ते मला येत नाही, तर त्याला नावं ठेवण्याआधी एकदा त्याच्या कोपऱ्यात जाऊन बसा. तो कोपरा लांब जायच्या आत जा.

आम्ही दोघं भाऊ आता समोरासमोर आहोत. आमच्या मधोमध फ्रेमवाल्याने दोन स्टुलं ठेवली आहेत. एकावर तो बसतो. दुसऱ्यावर एखादं गिऱ्हाईक टेकलं, तर त्याला खुर्ची आणून देतो आणि म्हणतो की हे स्टूल एका माणसासाठी ठेवलं आहे.