तापली की बंद पडायची

मिस्त्रीच्या गॅरेजात एक नियम होता. गाडी कुणाचीही असो, दुखणं कुठलंही असो, आत आली की आधी बॅटरीची तार काढायची, चहा होईपर्यंत तशीच ठेवायची आणि मग परत लावायची. "जरा झोपू द्या तिला, मग बोलू," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. बऱ्याच गाड्या तेवढ्यानेच शहाण्यासारख्या वागायला लागत आणि गिऱ्हाइकाला वाटे, काय हात आहे या माणसाचा! मिस्त्रीलाही तसंच वाटे. स्वतःवर शंका घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

आप्पांची गाडीही याच नियमातून गेली. आप्पा म्हणजे मिस्त्रीचे वडील. उभा जन्म त्यांनी शाळेची बस चालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एक जुनी, निळी, चार दारांची गाडी घेतली होती. दुपारचं जेवण झालं की ते गाडी काढायचे आणि टेकडीवर राहणाऱ्या आपल्या जुन्या दोस्ताकडे बुद्धिबळ खेळायला जायचे. हरून यायचे, आणि रात्रीच्या जेवणाला बसल्यावर आपण कसे जिंकतच आलो होतो ते सगळ्यांना सांगायचे.

त्यांची तक्रार साधी होती. "अरे, भर दुपारी मध्येच बंद पडते. धक्का नाही, आवाज नाही, एकदम गप. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. जशी काही आपण त्या गावचेच नाही."

मिस्त्रीने गाडी नेली. पण घरचं काम, तेव्हा गॅरेज उघडायच्या आत, सकाळच्या गारव्यात. तार काढली, चहा घेतला, तार लावली, मग स्कॅनर जोडला. दोष नाही, असं स्कॅनर म्हणाला. एक चक्कर मारली, गाडी लोण्यासारखी पळाली. आप्पांनी पुन्हा तक्रार केली, पुन्हा सकाळ, पुन्हा चहा, पुन्हा दोष नाही. तिसऱ्यांदा आप्पा बोलले तेव्हा मिस्त्रीने बायकोकडे बघितलं, बायकोने मिस्त्रीकडे. आप्पांचं वय झालं होतं. त्या एका नजरेत दोघांचं बोलणं होऊन गेलं.

मग एके दिवशी गाडी चौकाच्या मधोमध बंद पडली. मागे बस, बाजूला ट्रक, सगळ्यांचे भोंगे. कुणीतरी आप्पांना काय वाटेल ते बोललं. शेजारच्यांनी ते पाहिलं आणि घरी येऊन मीठमसाला लावून सांगितलं. त्या रात्री सगळे जेवायला बसले असताना मिस्त्रीचा तोल सुटला.

"आप्पा, एकदा स्पष्टच सांगतो. गाडी बंद पडत नाही. तुम्ही पाडता. क्लच लवकर सोडता आणि तुमच्या लक्षात राहत नाही. मी तीनदा बघितलीय, गाडीत काही नाही."

आप्पांचा घास हातातच राहिला. ते काहीतरी बोलणार होते, पण सुनेकडे बघितलं, नातीकडे बघितलं, आणि घास परत ताटात ठेवला. मग उठले, खुंटीवरची किल्ली आणली आणि मिस्त्रीच्या ताटाशेजारी ठेवली. "तू म्हणतोस म्हणजे असेल," एवढंच म्हणाले. माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात निदान दोन बाजू तरी असतात.

त्यानंतर आप्पा बदलले. गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा बघायला लागले. गोळी घेतली की सुनेला विचारायचे, "घेतली ना मी?" टेकडीवरच्या दोस्ताचे फोन यायचे. मिस्त्री म्हणायचा, "मी सोडीन की तुम्हाला, रविवारी नक्की." रविवारी गॅरेजला सुट्टी असायची, पण मिस्त्रीच्या कामांना नसायची. हळूहळू फोन कमी झाले, मग थांबले. आप्पा बुद्धिबळाचा पट घेऊन नातीशी खेळायला बसायचे आणि आता तिच्याकडूनही हरायचे. मिस्त्रीला हे सगळं दिसत होतं. आपलं निदान बरोबर निघालं, असंच त्याला वाटत होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

गाडी अंगणात झाकून ठेवली होती. उन्हाळा टिपेला पोहोचला तेव्हा मिस्त्रीची धाकटी बहीण माहेरी आली आणि काही कामासाठी गाडी घेऊन गेली. दुपारी तिचा फोन आला.

"दादा, ही बंद पडली रे. पुलावर."

"क्लच लवकर सोडलास का?"

"क्लच कसला? पळत्या गाडीत इंजिन बंद पडलं! मला काय काल लायसन्स मिळालंय?"

मिस्त्री स्कॅनर घेऊन तसाच पळाला. पुलावर ना चहा होता ना नियम. घाईघाईत त्याने बॅटरीला हात न लावताच स्कॅनर जोडला, आणि पडद्यावर दोष उभा राहिला. इंजिनाचा कंप्युटर मध्येच मान टाकत होता, आणि मान टाकल्याची नोंदही तोच ठेवत होता. या जुन्या बनावटीच्या गाडीत बॅटरीची तार काढली की ती नोंद पुसली जाते. हे मिस्त्रीला माहीत नव्हतं असं नाही. त्याने दुसऱ्यांना शिकवलेलं होतं. पण सवयीचा हात डोक्याला विचारत नाही. दर वेळी गाडी आपली तक्रार घेऊन आली होती, आणि दर वेळी त्याने आधी तिचं तोंड पुसलं होतं आणि मग विचारलं होतं, सांग, काय होतंय?

पुलाच्या कठड्याला धरून तो उभा राहिला. बहीण म्हणाली, "अरे, ऊन लागलं का तुला?"

घरी आल्यावर त्याने तो कंप्युटर उघडा केला, बायकोचा केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला आणि इंजिन चालू ठेवून त्याच्या डबीवर गरम हवा सोडली. बायको दारात उभी राहून म्हणाली, "आता गाडीला न्हायला घातलंत की काय?" थोडा वेळ काही झालं नाही. मग इंजिन गप झालं. धक्का नाही, आवाज नाही. आप्पांनी सांगितलं होतं, अगदी तस्सं. आतल्या पट्टीवरचा कुठलातरी जोड तापला की सुटत होता आणि गार झाला की पुन्हा धरत होता. मिस्त्री तिथेच फरशीवर बसला. बायकोने ड्रायर त्याच्या हातातून काढून घेतला आणि आत गेली.

जोड डागून भागलं असतं, पण आप्पांच्या गाडीत डागलेला तुकडा घालायला त्याचं मन तयार होईना. त्याने नवा कंप्युटर मागवला. जुन्यावरचा क्रमांक नव्याशी जुळवून पाहिला. बॅटरीची तार काढली, या वेळी कामासाठी. जुनी डबी सोडवली, जोडणीच्या पिना पुसल्या, नवी बसवली. आता नव्याला गाडीच्या किल्ल्या ओळखायला शिकवायचं होतं, आणि त्यासाठी गाडीच्या सगळ्या किल्ल्या एकाच वेळी हजर लागतात. एक त्याच्याकडे होती. दुसरी कुठे होती कोण जाणे.

तो आप्पांच्या खोलीत गेला. आप्पा खिडकीशी बसले होते.

"आप्पा, गाडीची दुसरी किल्ली आहे का तुमच्याकडे?"

आप्पांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. त्यांनी उशीखाली हात घातला आणि किल्ली काढून पुढे केली. "मी चालवली नाही हं," ते म्हणाले. "देवाशपथ. नुसती ठेवली होती जवळ."

लहानपणी आपल्याला कधी या माणसाने अशी शपथ घ्यायला लावली नव्हती, एवढंच मिस्त्रीच्या मनात आलं. किल्ली घेऊन तो बाहेर गेला आणि काम पुरं केलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. भर उन्हात, ड्रायर लावून, टेकडीच्या चढावर, सगळीकडे त्याने गाडी तपासली. कुठेही बंद पडली नाही.

मग तो आप्पांसमोर जाऊन बसला. जुनी डबी त्याने त्यांच्या मांडीवर ठेवली.

"आप्पा, दोष हिच्यात होता. तुमच्यात नव्हता. तुम्ही सांगत होतात ते शब्दनशब्द खरं होतं. मी बॅटरी काढून दर वेळी पुरावाच पुसला, आणि वर चारचौघांत तुम्हाला बोललो. चुकलं माझं. मोठी चूक झाली."

आप्पांनी डबी उलटीसुलटी करून बघितली. मग हळूच हसले. "अरे, पण चौकात तेव्हा माझा पाय सुटला होता क्लचवरून. मला आठवतं ना."

"नाही हो आप्पा! नव्हता सुटला. तुम्हीच आधीपासून सांगत होतात, एकदम गप होते म्हणून."

"तसं वाटलं होतं मला. मग नीट आठवून बघितलं. पाय सुटला होता." त्यांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हाताऱ्या बापाला बरं वाटावं म्हणून तू सगळं स्वतःवर घेतोयस. कळतं मला. गुणाचा आहेस."

मिस्त्रीने हात जोडले, शपथ घेतली, ड्रायर आणून दाखवतो म्हणाला. धाकट्या बहिणीला बोलावलं. ती म्हणाली, "आप्पा, माझ्या हातातही आपोआप बंद पडली होती." आप्पांनी तिच्याकडेही तसंच कौतुकाने बघितलं. बहीणभावांनी ठरवून केलंय, असं त्यांना वाटत असावं. जेवणाच्या ताटावर एका वाक्यात जे घालवलं होतं ते आता शंभर वाक्यांनी परत येत नव्हतं.

"चला, टेकडीवर जाऊ," शेवटी मिस्त्री म्हणाला. "तुम्ही चालवा. मी नुसता बसतो बाजूला."

त्याच्या आग्रहाखातर आप्पा उठले. बूट घातले, सीट पुढे घेतली, आरसे नीट केले. गाडी त्यांनी अशी हलवली की पाण्याचा पेला भरून ठेवला असता तर थेंब सांडला नसता. गल्लीच्या तोंडाशी येऊन ते थांबले. पुढे मोठा रस्ता दुपारच्या उन्हात मोकळा पडला होता. दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं.

आप्पांनी रस्त्याकडे बघितलंच नाही. ते मुलाकडे बघत होते.

"जाऊ का?"

"तुम्ही बघा ना, आप्पा. तुम्हाला दिसतंय की."

"नको. तूच सांग."

मिस्त्रीने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते, त्यामुळे त्याला जरा वेळ लागला. आप्पा शांतपणे थांबून राहिले.

"जा," तो म्हणाला.