पाचूबंदरचं सुकवणीघर

पाचूबंदरला उन्हावर चालणारं सुकवणीघर बांधून झालं. पैसा तेल कंपनीचा, जागा आणि परवानगी सरकारची. आता रेतीवर मासळी पसरणं नको, की कावळे हाकलणं नको. तीस वर्षं तेच करत आलेली फिलोमिना सगळ्यांत जास्त हरखली होती.

चाचणीच्या दिवशी कंपनीचा इंजिनियर हार्दिक पारदर्शक छपराखाली जाळीच्या ताटांत बोंबील ओळीने मांडू लागला. फिलोमिनाला राहवेना.

"साहेब, बोंबील निजवून सुकत नाय. त्याच्या अंगात पानीच पानी. चिकटून बसेल."

"मावशी, आत भट्टीसारखं तापतं," हार्दिक हसून म्हणाला.

संध्याकाळी बोंबील जाळीवरून खरवडून काढावे लागले. हार्दिकचा चेहरा उतरला.

"टांगायला दांड्या लावा," फिलोमिनाने सांगितलं.

इथेच घोडं अडलं. कंपनी म्हणे, नकाशा सरकारने मंजूर केलाय, आम्ही खिळाही हलवणार नाही. सरकारी खातं म्हणे, बांधणारी कंपनी, बदल तिनेच लिहून द्यावा. दोन महिने पत्रं इकडून तिकडे फिरली आणि सुकवणीघराला कुलूप राहिलं.

शेवटी फिलोमिनाने हार्दिकला आणि खात्याच्या अमिषा मॅडमना एकाच सकाळी बोलावलं, एकमेकांचं न सांगता. दोघांना धक्क्यावर एका बाकावर बसवलं आणि पुढ्यात ताज्या बोंबलांची टोपली ठेवली.

"पत्रं मागाहून. आधी हे शिका."

एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून तिने जोडी दोरीवर टाकली. मॅडमनी आधी नाक मुरडलं, मग बाह्या सरसावल्या. हार्दिकच्या बोटाला बोंबलाचे दात लागले. तासाभरात दोघांची मिळून जेमतेम एक दोरी भरली. भोवतालच्या बायका हसून बेजार.

"दोन दांड्यांत अंतर किती हवं?" मॅडमनी विचारलं.

"एक हात."

"नकाशात घाला," त्या हार्दिकला म्हणाल्या. "आजच सही करते."

दांड्या बसल्या आणि डिसेंबरात पहिली खेप निघाली. फिलोमिनाने एक बोंबील मोडून पाहिला. टकन तुटला. तिने तो दोनदा हुंगला आणि शेजारणीच्या हातात दिला.

उद्घाटनाला मोठे साहेब आले, कात्री मात्र फिलोमिनाच्या हातात दिली. तिने फीत कापली आणि भाषणं सुरू व्हायच्या आत धक्क्याची वाट धरली. होडी लागली होती, आणि मासळीचा लिलाव कुणासाठी थांबत नाही.