दोन बोटं सैल

चपला दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यामुळे बायकोचे पाय सुजायला लागले ते तिच्याआधी मलाच कळलं. ती सतराची, मी एकवीसचा. सातव्या महिन्यात तिच्या चपला पायांना रुतायला लागल्या. "पाय पुढं कर," म्हणालो, माप घेतलं, पट्टे उसवले आणि एक बोट सैल करून पुन्हा शिवले. पंधरा दिवसांनी आणखी एक बोट. वर "नवरा कारागीर असल्याचा फायदा बघ!" अशी फुशारकीही मारली. ती कपाळ दाबत हसली.

दर महिन्याला दवाखान्यात मीच तिला न्यायचो, पण फाटकापर्यंत. नर्सबाई प्रत्येक वेळी निरोप धाडायच्या, नवऱ्याला आत पाठव. "आत सगळ्या बायका. मी तिथं काय दिवे लावणार?" असं म्हणून मी बाहेर पेपर वाचत बसायचो. मोठा शहाणा!

आठव्या महिन्यात, भर दुपारी, तिला आकडी आली. त्या दिवशी मी पहिल्यांदा आत गेलो. भिंतीवर हे एवढं मोठं चित्र होतं: सुजलेले पाय, दुखणारं डोकं, डोळ्यांपुढं अंधारी. खाली लिहिलेलं, लगेच या.

"पाय कधीपासून सुजलेत?" नर्सबाईंनी विचारलं.

मी तारखा घडाघडा सांगितल्या. पहिलं बोट कधी, दुसरं कधी.

त्या बघतच राहिल्या. "एवढं कळत होतं, तर केलंत काय?"

"चपला सैल केल्या," मी म्हणालो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मुलगी होती. रडलीच नाही. बायको वाचली, तेवढं नशीब.

महिन्याभराने ती दुकानात आली. चपला माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "पायातून निसटतायत. पहिल्यासारख्या करून द्या."

नको ते माझ्या तोंडातून गेलं. "डोकं दुखतंय असं एकदा तरी बोलायचंस गं."

"बोलले होते," ती शांतपणे म्हणाली. "दोन्ही वेळा. तुम्ही म्हणालात, पाय पुढं कर."

मी मान खाली घालून पट्टे उसवले. आता माप घ्यायला हवं होतं, पण ते तीन शब्द काही केल्या तोंडातून फुटेनात. शेवटी अंदाजानंच शिवले. अजून थोडे सैलच आहेत.