शिवकन्येची डॉक्टरी आणि मी, वजनकाटा

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवण्याआधी तुम्ही वाकून खाली बघितलंत, ते माझ्या लक्षात आलं. बघा, खुशाल बघा. मला राग येत नाही. तेलगावजवळ दिंद्रुडच्या रस्त्याला ट्रक-ट्रॅक्टर तोलायला बसवलेला मी जुना वजनकाटा. माझ्याकडे सरळ नजरेनं बघणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. जाड लोखंडी पत्रे जोडून माझी पाठ तयार केली. माझे मालक आप्पा, त्यांनी मला इथं आणलं तेव्हा ते तरुण होते, रस्ता कच्चा होता आणि माझ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात सारं गाव डोकावून गेलं होतं. एवढा खड्डा कशाला, खाली कुणाला बसवणार, असं लोक एकमेकांना विचारत. एकजण तर भर दुपारी कंदील घेऊन आत उतरला आणि माझ्या पोटात माणूस लपलेला नाही याची खात्री करूनच वर आला. त्या वेळी वजन आकड्यांत दिसत नसे. शेजारच्या खोलीत पितळी खुणांची लांब दांडी होती. आप्पा तिच्यावरचा गोळा हळूहळू सरकवत. दांडी थरथरायची, सगळे श्वास रोखून उभे राहायचे आणि मग ती अधांतरी स्थिर झाली की आप्पा वजन मोठ्यानं वाचत. पुढे माझ्या पोटात नवं यंत्र बसलं, लाल आकडे आले आणि दांडी भंगारात गेली. मला तिची अजून आठवण येते. आकडे थरथरत नाहीत.

माझ्यावरून काय काय गेलं! कापसाच्या गाड्या आल्या की माझ्या पाठीवर पांढरे पुंजके सांडत. उसाच्या ट्रॉल्यांनी मी वाकायचा बाकी राहिलो. परळीच्या वीजकेंद्रातून राख घेऊन येणारे टँकर निघून गेले तरी त्यांची करडी पूड माझ्या फटींत बसून राही. पण माल कोणताही असो, रीत एकच. शेतकरी आधी खाली उतरतो, माझ्याभोवती फेरी मारतो, आकडा शून्यावर आहे ना ते बघतो. गाडी चढली की सगळी चाकं आत आहेत ना, कुणी गुपचूप पाय तर ठेवला नाही ना, ते बघतो. एवढं करून वजन ऐकलं की म्हणतो, "कमी वाटतंय." त्याच वेळी माल घेणारा व्यापारी म्हणतो, "जास्त वाटतंय." दोघंही कुरकुरले की आप्पा समजत, वजन बरोबर आहे.

अशा संशयात माझं आयुष्य गेलं. ज्याच्यावर सगळे संशय घेतात तोही हळूहळू संशयी होतो. कोण कोणत्या चाकाशी रेंगाळतो, कोण उगाच गोड बोलतो, ते मी टिपत राहिलो.

मग आप्पांचे गुडघे गेले. त्यांच्या मुलानं, बजरंगनं, रस्त्यापलीकडं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं आणि माझ्या खोलीत त्याची बायको शिवकन्या येऊन बसली. एमबीए झालेली पोर. आकडे स्वच्छ वाचायची, पावती नीट द्यायची. पण पहिल्याच दिवसापासून तिला एकच वाक्य ऐकावं लागलं. जवळच्या वस्तीवरचा धुळाजी हे माझं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत संशयी गिऱ्हाईक. तो खिडकीत डोकावून म्हणाला,

"बजरंग कुठं गेलाय? बोलव त्याला."

"मामा, आकडा मला बी तोच दिसतो," शिवकन्या म्हणाली.

"दिसतो गं पोरी. पर बजरंगला दिसलेला बरा."

मग पलीकडून बजरंग हात पुसत यायचा, तोच आकडा वाचायचा आणि धुळाजी समाधानानं निघून जायचा. हे रोजचं झालं. शिवकन्या काही बोलायची नाही. पण मला तिच्या गप्प बसण्याचाही संशय यायचा.

एक दिवस तिनं आप्पांना सांगितलं, की ती पुण्याच्या एका संस्थेत डॉक्टरेट करणार आहे. व्यवसाय व्यवस्थापनातली. काम करणाऱ्या माणसांनी काम न सोडता करायची, आपल्याच धंद्यातला एखादा प्रश्न घेऊन. तिचा प्रश्न असा होता: शेतकरी एका काट्यावर विश्वास ठेवतो आणि दुसऱ्यावर ठेवत नाही, ते कशावरून?

आप्पा बाजेवर पडूनच म्हणाले, "डॉक्टर व्हायलीस? मंग दवाखाना कुठं टाकायचा, काट्यावर?"

"तसली डॉक्टर न्हाई, आप्पा."

"मंग फ्लेक्सवरली का? शाल कधी हाय?"

आप्पा का असं म्हणाले, ते तुम्हांला सांगायला हवं. आमच्या फाट्यावर वाढदिवसांचे फ्लेक्स कायम झुलत असतात. काल-परवापर्यंत नुसतं नाव असलेल्या माणसापुढं एके दिवशी अचानक 'डॉ.' उगवतं. शहरातल्या एखाद्या हॉलमध्ये शाल, हार आणि चौकटीतला कागद मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळं शिवकन्येची डॉक्टरीही तसलीच असणार, असं सगळ्यांनी न विचारता ठरवून टाकलं. खरं सांगतो, मीही ठरवलं. शिवाय ती माझ्याशेजारी उभी राहून लोकांकडं टक लावून बघायची, आणि आयुष्यभर मोजण्याचं काम केलेल्याला कुणी मोजू लागलं की ते रुचत नाही.

तिनं लोकांशी बोलायला सुरुवात केली. धुळाजीला ती म्हणाली, "मामा, मोकळं बोला. तुमचं नाव कुठंच येणार न्हाई."

धुळाजीचे डोळे बारीक झाले. "कावून? लपवाय काय हाय त्यात?"

"लपवत न्हाई हो. नियमच हाय तसा."

"ज्यात नाव न्हाई त्यात मी न्हाई," असं म्हणून तो ट्रॅक्टरवर जाऊन बसला. त्या दिवशी कुणीच तिच्याशी बोललं नाही.

मग तिनं एक मोठा उपाय केला. धंद्यात काहीतरी बदल करून त्याचा परिणाम बघणं हे तिच्या अभ्यासात होतंच. तिनं रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना लांबून दिसेल अशी, आकड्यांची मोठी पाटी बसवली. आता वजन वाचून दाखवायला कुणीच नको. ना बजरंग, ना ती. ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं. पाटी पहिल्यांदा उजळली तेव्हा तिचा चेहरा मी बघितला. तिला वाटलं, आता कुणी दुसऱ्याला बोलवायला सांगणार नाही.

धुळाजी आला. खाली उतरला. पाटीकडं बराच वेळ बघत राहिला. त्याच्या मागं कापूस घेऊन आलेला अभिमन्यू उभा होता.

"एवढी वर्सं न्हवती, आता कावून लावली?" धुळाजी म्हणाला.

"म्हंजी?" अभिमन्यूनं विचारलं.

"म्हंजी आजपोतर आत काय चालत हुतं, बे?"

अभिमन्यूला ते पटलं. त्यानं ते पुढं सांगितलं. बघता बघता ट्रॅक्टर माझ्यासमोरून न थांबता माजलगावच्या बाजूच्या दुसऱ्या काट्याकडं वळू लागले. मी रिकामा पडलो. माझ्या अंगावर कुत्री झोपू लागली. ती पाटी मात्र दिवसभर शून्य दाखवत चमकत राहायची.

आप्पा काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, "सूनबाई, ह्या काट्याला मी हयातभर नाव मिळवलं. तू एका पाटीनं घालवलंस."

बजरंगला मात्र तिची दया आली. दुपारी डबा घेऊन आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "तू लई जिवाला लावून घेतीस. लोकांची उत्तरं मीच भरून देतो की. पाटीनं इस्वास वाढला, असं लिवायचं. पुण्याहून कोण बघाय येतंय?"

मी सावध झालो. असला हळू आवाज मला चांगला माहीत आहे. असल्या आवाजात लोकांनी आप्पांना कितीदा तरी वजनात थोडा हात मारायला सांगितलं होतं. मला वाटलं, ही आता हो म्हणेल. हिला पदवी हवी आहे, आणि हव्यासानं माणूस वाकतो.

शिवकन्येनं घास खाली ठेवला. "अहो, गाडीचं वजन चालू असताना कुणी काट्यावर पाय ठेवला तर तुमी काय करता?"

"खाली उतरवतो. दुसरं काय?"

"मंग मला कावून पाय ठेवाय सांगता?"

तिनं जे घडलं तेच लिहिलं: उपाय केला, विश्वास वाढला नाही, उलट होता तोही गेला. तसाच प्रबंध तिनं पाठवला.

पण बजरंग हौशी माणूस. प्रबंध गेला म्हणजे काम झालं, असं त्यानं धरलं. निकालाची वाट न बघता त्यानं फाट्यावर फ्लेक्स लावला. शिवकन्येचा लग्नातला फोटो आणि नावापुढं ठळक 'डॉ.'. येणारे-जाणारे हसले. "आली का शाल?" असं आप्पांना रस्त्यातून ओरडून विचारू लागले. शिवकन्येला कळलं तेव्हा ती स्वतः शिडी लावून चढली आणि तो फ्लेक्स उतरवून घडी घालून आणला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याहून निरोप आला. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला होता. पाटीनं विश्वास घटला हे तुम्ही लिहिलंत, पण का घटला हे लोकांकडून समजून घेतलं नाही. ते करा, मग बघू.

ज्यांच्याकडून समजून घ्यायचं ते तर काट्यावर येतच नव्हते. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. आणि तरीही मनात म्हणालो, बघू, आता काय करते.

दुसऱ्या दिवशी धुळाजीचा ट्रॅक्टर समोरून चालला होता. तो थांबला. खाली उतरून तो आप्पांच्या बाजेवर बसला.

"आप्पा, फ्लेक्स कावून काढला?"

"परत पाठवली तिची डॉक्टरी," आप्पा जमिनीकडं बघत म्हणाले. "आजून शिक म्हणाले."

"परत?" धुळाजी ताठ बसला. "डॉक्टरी परत पाठवतेत?"

"पाठवली न्हवं."

धुळाजीनं दाढी खाजवली. मग म्हणाला, "शालवाल्यांची कदी परत आलेली ऐकली का तुमी? घेणारा देणारा दोगं बी खूश असतेत. परत पाठवली म्हंजी कुणीतरी डोळे उघडे ठिवून बघायलंय. पोरगी खरंच शिकायलीय, आप्पा!"

आप्पांनी मान वर केली. आपली सून नापास झाली, या बातमीनं त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

धुळाजी खिडकीशी आला. "इचार पोरी, काय इचारायचं ते."

"मामा, पाटीचा राग कावून आला?"

"राग न्हाई. शक आला. नवरा एकाएकी गोड बोलाय लागला की बायकू काय समजती? तसंच झालं. आधी आमाला इचारायचं हुतं, मंग लावायची."

शिवकन्या हसली. किती दिवसांनी हसली! "आनि बजरंगलाच कावून बोलवायला लावत हुता?"

धुळाजी जरा घुटमळला. "त्याच्याशी भांडता येतंय. कमी हाय, खोटं हाय, काय बी म्हणता येतंय. दुसऱ्याच्या सुनेला कसं म्हणावं?"

ती एकदम लिहायची थांबली. मग म्हणाली, "मला बी म्हणा की."

"म्हणू?"

"म्हणा. मी बी उत्तर देईन."

त्या दिवशी त्यांचं माझ्या पाठीवर उभं राहून चांगलं जोरात भांडण झालं, चाकावरून आणि सांडलेल्या कापसावरून. पलीकडून बजरंग धावत आला, तर धुळाजी म्हणाला, "तू दुकान बघ बे, आमचं चाललंय." आता इतरही थांबू लागले आहेत. सगळे नाही. थोडे.

मित्रांनो, शिवकन्येला पदवी मिळालेली नाही. मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. जे समोर आलं नाही त्याबद्दल मी बोलत नाही. मी संशयी आहे आणि तसाच राहणार. तुम्हीही खुशाल संशय घ्या. पण तो पोटात ठेवून दुसऱ्या रस्त्याला वळू नका. थांबा, समोर या, तोंडावर विचारा. न विचारलेला संशय माझ्या पत्र्याखाली साचणाऱ्या चिखलासारखा असतो. वरून दिसत नाही, पण प्रत्येक वजन खोटं करतो.

तो चिखल दरवर्षी काढावा लागतो. आप्पांना आता वाकवत नाही. शिवकन्या काढते, पण सध्या तिला लिहायचं आहे. तेव्हा जाता-येता कुणाला वेळ मिळाला, तर खोरं घेऊन जरा इकडं या.