आजीच्या ओच्यातलं आयरिस

केंटकीच्या त्या डोंगरात ऑर्लीना कॉम्ब्सएवढी तिखट जिभेची बाई दुसरी नव्हती. तिच्या डोंगराला नावं ठेवून कुणी धड परत गेलं नव्हतं. म्हणूनच विद्यापीठाच्या मिस वॅलिसने रानफुलांचा नकाशा उलगडला, तेव्हा ऑर्लीनाच्या नवऱ्याने, हॉबर्टने, आपली खुर्ची हळूच मागे सरकवली.

बुटकं निळं आयरिस जिथे रानात आपसूक उगवतं, त्या सगळ्या काउंटी नकाशात हिरव्या होत्या. मधली यांची तेवढी पांढरी.

"डोळे फुटलेत का तुमचे?" ऑर्लीना कडाडली. "आमच्या थडग्यांवर वीतवीत निळं रान माजलंय!"

"पाहिलं मी, मॅम. पण तुमच्या आजीनं ते कॅरोलायनाहून ओच्यात घालून आणलं, असं सगळा गाव सांगतो. माणसानं लावलेलं आम्ही धरत नाही. उद्या नकाशा छापायला जातोय."

हॉबर्टला खोकल्याची उबळ आली. दर मे महिन्यात सगळं गोत थडगी साफ करायला जमायचं, तिथेच गवतावर पंगत बसायची आणि मक्याचा पाव मोडत ऑर्लीना आजीची ही कथा सांगायची. चाळीस वर्षांत त्या ओच्यात अर्धं कॅरोलायना मावलं होतं.

"पोसलेली थापच चावली की गं!" हॉबर्ट म्हणाला.

ऑर्लीनाचा चेहरा उतरला. आजीची कीर्ती सोडायची की डोंगराची? मग तिने काठी उचलली.

"चल पोरी."

सत्तरी उलटलेली ती बाई ओढा ओलांडून, लॉरेलच्या झुडपांच्या जाळीतून वाकत, गुडघ्यांना शिव्या घालत वर चढली. कड्याखाली, उंच पॉपलरांच्या सावलीत, अख्खा उतार निळा झाला होता. कातळाच्या फटीफटींतून पिवळ्या तुऱ्यांची फुलं डोकावत होती. तिथे कुणी कधी कुदळ मारली नव्हती की घर बांधलं नव्हतं.

"आजीच्या ओच्यात माझी रडकी आई होती, बाकी काही नाही," ऑर्लीना धापा टाकत म्हणाली. "आमच्यात कुणी मेलं की बायका इथनं एक गड्डा नेऊन थडग्यावर लावतात. आजीची गोष्ट मी रचली. खोटं बोलले."

मिस वॅलिस फुलांपाशी गुडघे टेकून बसली. मग तिने वही काढली. "काय लिहू, मॅम?"

ऑर्लीनाने मान ताठ केली. तिला त्या उताराचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

"लिही, ते इथलंच आहे. बाहेरनं येऊन त्याच्या रानात रुजलो ते आम्ही."