बर्फावरचं चाक

अड्याळच्या बसस्टॉपजवळ हिरालाल गजभिये यांचं टायरचं दुकान आहे. पाटीवर नाव त्यांचं असलं तरी गेली चार वर्षं दुकान चालवते त्यांची मुलगी प्रतिक्षा. डिप्लोमानंतर पुण्याला लागलेली नोकरी वर्षभरातच सोडून ती घरी आली, तेव्हा गावात बरंच बोलणं झालं. आता तेच लोक चिखलणीच्या आधी ट्रॅक्टर दुकानासमोर लावतात आणि विचारतात, "बाई, यंदा हवा किती ठेवू?"

तिचा थोरला भाऊ सुगत मनालीच्या वर, पर्यटकांना बर्फात फिरवणाऱ्या एका कंपनीत कामाला होता. फुगीर चाकांच्या, मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या सहा एटीव्ही त्याच्या ताब्यात होत्या. धम्मचक्र दिनाला तो पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन आला, तो दोन नवे टायर ट्रान्सपोर्टनं मागवूनच. यातला कोणता घ्यायचा, हे मालकानं त्याच्यावर सोपवलं होतं.

एका टायरला बोटभर उंच दात होते. दुसरा रुंद, त्याचे दात आखूड आणि दाट, प्रत्येक दातावर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा.

"हाच घेतो," सुगत मोठ्या दातांवर हात ठेवून म्हणाला. "आपल्या ट्रॅक्टरसारखा हाय. पकडून ठेवते."

"तिथं बर्फ किती रायते, दादा?"

"गुडघ्याच्या वर. खाली जमीन लागतच नाही."

"मंग हा नाही चालत," प्रतिक्षा म्हणाली. "धानाच्या बांधीत दात चिखल कापून खालच्या कडक जमिनीले टेकते, म्हणून ट्रॅक्टर निघते. तुझ्या इथं टेकाले काहीच नाही. हा खड्डा करून त्यातच बसन."

सुगतनं टायरवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "मागच्या वर्षी उतारावर गाडी घसरली. मागं एक बाई बसली होती, तिचा हात मोडला. गाडी मी चालवत होतो. अंदाजानं टायर घ्याची माझी हिंमत नाही."

ही गोष्ट त्यानं घरी कधी सांगितली नव्हती. प्रतिक्षानं जास्त विचारलं नाही. "अंदाज नको करू," ती म्हणाली. "उद्या भंडाऱ्याले जाऊ."

भंडाऱ्याला भय्याजींचा बर्फाचा कारखाना होता. तलावांतली मासोळी बाहेर पाठवायला तिथूनच बर्फ जायचा. भय्याजींच्या टेम्पोची चाकं प्रतिक्षाच पाहायची, त्यामुळे तिला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

"टायरले बर्फ कायले पाहिजे, बाई?"

"पाहाल तुम्ही. आधी हे दोन्ही टायर थंड्या खोलीत ठेवा, भय्याजी."

चार तासांनी टायर बाहेर काढले. मोठ्या दातांच्या टायरचं रबर लाकडासारखं कडक झालं होतं, नख रुतेना. चिरांच्या टायरचं रबर अजून दबत होतं. सुगतनं दोन्ही दोनदा दाबून पाहिले.

प्रतिक्षानं दुकानातून पाइपची एक चौकट जोडून आणली होती. तिच्यात एका वेळी एक चाक बसवून वर धानाची दोन पोती ठेवायची, चौकट खांबाला दोरानं बांधायची आणि दांडा लावून चाक फिरवायचं. मासोळीसाठी कुटलेल्या चुऱ्याचा ढीग तिनं गुडघाभर पसरवून घेतला. मोठे दात चार फेऱ्यांत चुरा मागं फेकत थेट फरशीला जाऊन टेकले. मग रुंद टायरची हवा तिनं निम्म्यावर आणली. तो पसरला, थोडा दबला आणि दोर ताणून चुऱ्यावरच उभा राहिला.

"बस, झालं," भय्याजी म्हणाले.

"नाही झालं. उतारावर चुरा नव्हता, काचेसारखा कडक बर्फ होता. हो ना, दादा?"

सुगतनं मान हलवली.

बर्फाच्या लाद्या जोडून मांडल्या. चाक फिरू नये म्हणून बांधलं आणि दोराला हुकाचा वजनकाटा लावून ओढलं. मोठ्या दातांचा टायर सहज घसरला. रुंद टायरही जवळपास तितक्याच ओढीला सरकला. प्रतिक्षानं काटा पुन्हा लावून पाहिला. तेच.

"इथं माझा टायरही फेल हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात संकोच नव्हता. "बर्फाच्या लादीले रबर धरतच नाही. खिळे पाहिजे."

तिनं रुंद टायरची जाडी मोजली, टोक हवेपर्यंत पोचणार नाही इतके आखूड स्क्रू निवडले आणि प्रत्येक दातात मशीननं एकेक बसवले, डोकी बाहेर ठेवून. त्यात तासभर गेला. पुन्हा ओढलं तेव्हा काट्याची सुई तिपटीच्याही पुढं गेली आणि चाक जागचं हललं नाही. सुगतनं दोर स्वतःच्या हातात घेतला, पाय रोवून ओढला. लादीवर पांढरे ओरखडे उठले, बस.

"रुंदवाले चोवीस मागवतो," तो म्हणाला. "स्क्रू कसे बसवाचे थे लिहून दे."

जानेवारीत त्याचा फोन आला. गाडी घसरली होती तोच उतार त्यानं आधी एकट्यानं, मग माणूस बसवून, दिवसातून वीसदा उतरून पाहिला होता. मालकाला दुसऱ्या ठिकाणच्या गाड्यांनाही तसेच खिळे हवे होते आणि ते बसवायला, ज्यानं ही युक्ती काढली तोच माणूस हवा होता.

हिरालालनी आठ दिवस दुकान सांभाळलं. प्रतिक्षा फेब्रुवारीत गेली, दहा गाड्यांची चाकं तिनं तयार केली. शेवटच्या दिवशी सुगत एटीव्हीजवळ येऊन म्हणाला, "चल, तुले फिरवतो."

"तू मागं बस," प्रतिक्षा म्हणाली. तिनं हँडल धरलं, पुढच्या चाकातली हवा एकदा बोटानं दाबून पाहिली आणि गाडी त्या उतारावर घातली.