शेततळ्यावरचा एकांत

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर अमरनाथ सर बेंबळीच्या शेतात येऊन राहिले, ते एकांतासाठी. लोक जनावरं पाळतात तसा सरांनी एकांत पाळला, कुंपण घालून. शेततळ्याभोवती तारा ओढल्या. पोरं पोहायला येऊ नयेत म्हणून पाण्यात सोडलेला दोर काढून टाकला. शेजारच्या शेतातला शांतलिंग उठसूट गप्पा मारायला यायचा. दुपारी आपण चिंतन करतो, असं त्यालाही शुद्ध भाषेत कळवून झालं. तेव्हापासून शांतलिंग बांधावरून मान फिरवून जायचा.

एकांत झकास चालला होता. वैशाखातल्या एका दुपारी सर पाण्यात पाय सोडून बसले, उठताना तळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावरून घसरले आणि थेट आत गेले.

पोहता येत होतं. वर येता येईना. कागदावर शेवाळ, जेवढं चढावं तेवढं खाली. नखं कुठं रुतेनात. काठावर फोन वाजला, बायकोचाच असणार, आणि समजूतदारपणे थांबला. 'वाचवा' असं ओरडणं सरांना जरा नाटकी वाटलं. "कुणी आहे का?" असं त्यांनी विचारलं. कुणी नसावं, याची सोय त्यांनीच केली होती.

हात जड झाले, नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हा नाटकीपणाबद्दलचं मत बदललं.

"वाचवा! शांतलिंगअप्पा!"

बांधाआडून आवाज आला, "सर, म्या तुमच्याकडं बघत सुदीक न्हाय. म्हस वळवाय आलोय."

"अहो, बुडतोय मी!"

कुंपणाची तार करकरली. वर शांतलिंगाचं डोकं दिसलं. "आगागा! दोर कुठंय?"

"काढला."

शांतलिंगानं एक शिवी हासडली. सरांना ती अगदी योग्य जागी वाटली. त्यानं ठिबकची नळी दुहेरी करून फेकली, सरांनी ती काखेखालून घेतली. पण शांतलिंग हाडकुळा, सर पेन्शनीत भरलेले. ओढायला गेला तर तोच घसरायला लागला. शेवटी कुंपणाच्या खांबाला नळीचा वेढा देऊन ती एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं गावात फोन लावला.

"येत्यात माणसं. तवर डोळं मिटायचं न्हाय. म्या बोलतो, तुमी ऐकायचं."

त्याच्या धाकटीला, जगदेवीला, तामलवाडीचं स्थळ आलं होतं. पोरगा बरा, चुलता लई खवचट. चहात साखर कमी म्हणून त्यानं बशी पालथी घातली.

"सर! बशी कुणी पालथी घातली?"

"चु... चुलत्यानं."

"शाबास. तर जगदेवी म्हनली, साखर कमी पडली आसंल तर तुमच्या घरची आणा."

नळी ताणून बारीक होत चालली. सरांची बोटं सुटत होती. हनुवटी पाण्याखाली गेली.

"सर! जगदेवी काय म्हनली?"

पाण्यावर नुसते बुडबुडे आले.

"सर! अमरनाथ! आरं बोल की!" शांतलिंगाचा आवाज फाटला.

पाण्यातून एक हात वर आला, त्यानं नळी चाचपून धरली. मागून तोंड आलं. "तुमच्या... घरची आणा."

मोटारसायकली आल्या. चौघांनी मिळून सरांना बाहेर ओढलं. पोटातलं पाणी निघालं, श्वास जागेवर आला. सर खांबाला धरून उठले. शांतलिंग बाभळीखाली सगळ्यांकडं पाठ करून बसला होता. तळहातावर नळीचे वळ.

सर त्याच्याशेजारी टेकले. "अप्पा, मग? जुळलं का मोडलं?"

शांतलिंगानं हात वर केला.

"हात जोडतो, सर. जरा एकट्याला बसू द्या."

सर उठले आणि बाकीच्यांनाही त्यांनी हळूच कुंपणाबाहेर नेलं.